गाद मास्तरांचा अभिप्राय

डॉक्टर फिक्री सिदहोम यांनी आयुष्यात एकच प्रमुख भूमिका केली, तीही टेलिफोनवर. पडदा नाही, रंगभूषा नाही, आणि रंगमंच म्हणजे अध्यापक महाविद्यालयातली झाडू-बादल्या ठेवायची खोली. काम मात्र असं वठलं की त्यात त्यांचीच मान अडकली. ही हकीकत ते स्वतःच सांगतात, सवाकी गावातल्या नदीकाठच्या कॅफेत, काळा चहा पुढ्यात घेऊन, आणि समोरचा हसायला चुकला तर तेवढा भाग पुन्हा करून दाखवतात. तेव्हा इथे त्यांची बदनामी चालली आहे असं कुणी समजू नये. त्या बाबतीत त्यांनी दुसऱ्याला करायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

तरुणपणी ते सवाकीच्या संस्कृतीभवनाच्या नाटक मंडळीत होते. काय दिवस होते ते! लाकडी खुर्च्या अपुऱ्या पडायच्या, बायका कडेवर पोरं घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, आणि मध्यंतरानंतर बियांच्या टरफलांनी जमीन अशी भरायची की नायकाचे हळवे संवाद त्या करकरीतूनच ऐकावे लागायचे. नायक अर्थात दुसरा कुणीतरी. फिक्रींनी अकरा वर्षं शिपाई, हमाल आणि सरपंचाचे नोकर केले. त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं, "गाडी आली, पाशा." एका प्रयोगात तेही विसरले. पाशा थोडा वेळ थांबला, मग आपणहून उठून निघून गेला. नाटकाचं काही अडलं नाही.

मग त्यांनी डॉक्टरेट केली. विषय घेतला वर्ग व्यवस्थापन. दोनशे बारा पानं, सगळी ग्रंथालयात बसून लिहिलेली. प्रत्यक्ष शाळेत त्यांनी चार महिने शिकवलं होतं, त्यातले सहा आठवडे कावीळ होती. एवढ्या भांडवलावर सवाकीच्या अध्यापक महाविद्यालयात ते तीस वर्षं मुलींना शिकवत होते की वर्गात उभं कसं राहावं, फळ्याकडे कितपत वळावं आणि दंगेखोर पोराकडे नुसतं बघून त्याला गप्प कसं करावं. ते बघणं ते मुलींना करूनही दाखवत. मुली गप्पच असत. आपल्या नजरेचाच हा प्रताप, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

अशात कैरोहून मानांकन समिती आली.

पहिल्या भेटीत समितीनं दोन दिवस फायली चाळल्या आणि निर्णय दोन वर्षं पुढे ढकलला. कारण एका वाक्यात दिलं होतं: तुमच्या शिक्षिका ज्या शाळांत जातात, त्या शाळांना तुम्ही कधी काही विचारता का, आणि ऐकून घेऊन स्वतःत काही बदल करता का, याचा पुरावा नाही. दुसऱ्या भेटीतही पुरावा मिळाला नाही, तर नवे प्रवेश बंद.

प्रवेश बंद म्हणजे काय, हे सवाकीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. दर वर्षी तीनशे मुली आसपासच्या खेड्यांतून मायक्रोबसनं यायच्या आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचायच्या. बापांनी शिकू दिलं ते एवढ्याचसाठी. पुढचं महाविद्यालय तीन तासांवर होतं आणि तिथे वसतिगृहात राहावं लागे. आमच्या दक्षिणेकडच्या या सईद मुलखातला बाप मुलीला वसतिगृहात ठेवत नाही, तिचं लग्न ठरवतो.

तर शाळांचे अभिप्राय गोळा करायचं काम डीन सफवत यांनी फिक्रींवर सोपवलं. "तुझ्या ओळखी आहेत, फिक्री. तू तीस वर्षं शाळांना भेटी देतोयस," असं ते म्हणाले. भेटी या शब्दावर फिक्रींनी नुसती मान डोलावली.

चाळीस मुख्याध्यापकांना फॉर्म गेले. आले सहा. पाच जणांनी सगळीकडे 'उत्तम' वर खूण करून खाली देवाचे आभार मानले होते. सहाव्यानं महाविद्यालयाकडे शाळेसाठी पंखा मागितला होता. उरलेल्यांपैकी एक फॉर्म फिक्रींना बाजारात भेटला, त्यात गरम तामियाचे वडे गुंडाळलेले होते.

समिती यायला तीन आठवडे उरले तेव्हा फिक्रींनी एका शुक्रवारी जेवण झाल्यावर गॅलरीत टेबल मांडलं आणि चौतीस कोरे फॉर्म पुढ्यात घेतले. बायको मुफीदा बाजूला मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"अबू मीना," तिनं नेहमीप्रमाणे मुलाच्या नावानं हाक मारली, "एवढी पेनं कशाला?"

"चौतीस मुख्याध्यापक आहेत. सगळे एकाच पेननं लिहितील का?"

"आणि सगळे आपल्याच गॅलरीत येऊन लिहिणार?"

"औपचारिकता आहे गं ती. सगळीच महाविद्यालयं करतात."

"मग त्या चौतीस जणांना शाई सांडू नका म्हणावं. त्या टेबलावर मी जेवण वाढते."

फिक्रींनी सुरुवात केली, आणि पाचव्या फॉर्मपाशी त्यांना मजा यायला लागली. नुसत्या खुणा करून त्यांचं समाधान होईना. त्यांनी प्रत्येक मुख्याध्यापकाला स्वभाव दिला. एक कवी होता, दुसऱ्याला दमा होता म्हणून तो वाक्यं तोडून लिहायचा, तिसरा लष्करातून आलेला, त्याची सगळी अक्षरं ताठ. अकरा वर्षं रंगमंचाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहिलेल्या माणसाला एका दुपारीत चौतीस भूमिका मिळाल्या होत्या!

एकतिसावी शाळा होती नाईलच्या पलीकडच्या नबक वस्तीची. यादीत मुख्याध्यापकाच्या रकान्यात काहीच नव्हतं, म्हणून फिक्रींनी नाव बनवलं: गाद अल-करीम. फोनच्या रकान्यात आकडे लागणारच, तिथे स्वतःचाच जुना नंबर टाकला. मग त्या म्हाताऱ्या मास्तरांचा आवाज त्यांना आतून ऐकू यायला लागला, जाडाभरडा, कुणालाही न भिणारा. त्यांनी 'अधिक काही सांगायचं असल्यास' खाली लिहायला घेतलं आणि कागदाच्या पाठपोट मजकूर होईपर्यंत हात थांबला नाही.

'तुमच्या मुली सुंदर पाठटाचण घेऊन येतात. तीन रंगांत आखलेलं. उद्दिष्टं सात, साधनं चार. आमच्या वर्गात पोरं अडुसष्ट. एका बाकावर चार आणि पाचवं बाकाखाली. बाकाखालच्या पोराचं काय करायचं, ते टाचणात लिहिलेलं नसतं. मुलगी पहिल्या दिवशी रडते, दुसऱ्या दिवशी छडी उचलते, तिसऱ्या दिवसापासून टाचण घरी ठेवून येते. तिचा सराव पाठ बघायला तुमचे एक डॉक्टर येतात. वर्षातून एकदा. गाडीतून उतरत नाहीत, आमच्याकडे धूळ आहे. मांडीवर कागद घेऊन सही करतात आणि बोट सुटायच्या आत परत जातात. त्यांचं नाव फिक्री सिदहोम. माणूस वाईट नाही. पण तो मुलींना वर्ग सांभाळायला शिकवतो आणि त्यानं स्वतः वर्ग बघितलेला नाही.'

लिहून झाल्यावर त्यांना विलक्षण हलकं वाटलं. मुफीदानं वाचायला मागितलं तर त्यांनी दिलं नाही. हा एक फॉर्म फाडून नवा भरायचा, असं त्यांनी ठरवलं, आणि मग समाधानानं खुर्चीतच डुलकी काढली. शनिवारी सकाळी गठ्ठा उचलून नेताना ते ठरवलेलं विसरले. विसरण्यात त्यांचा हातखंडा जुनाच होता.

गुणवत्ता कक्षाच्या मदाम इब्तिसाम यांच्या हातात पडलेला कागद परत मिळवणं हे मगरीच्या तोंडातून मासा काढण्यासारखं होतं. मंगळवारी फिक्री धावत गेले तोवर फॉर्मवर शिक्का पडला होता, भोकं पडली होती, क्रमांक पडला होता.

"मदाम, तो एकतिसावा जरा द्या. चुकून आलाय."

"डॉक्टर, चुकून आलेल्याला पण मी क्रमांक दिलाय. आता काढला तर तीसनंतर एकदम बत्तीस येईल. समिती विचारेल, एकतीस कुठंय?"

"पण वाचलात का तुम्ही तो?"

"मी वाचत नाही, डॉक्टर. मी फायलीला लावते."

समिती आली. कुंड्या भाड्यानं आणल्या होत्या, जिन्याला रंग ओला होता, आणि मुलींना सांगून ठेवलं होतं की ध्येयवाक्य विचारलं तर एकीनंच सांगावं, सगळ्यांनी कोरसमध्ये नको. समितीच्या प्रमुख डॉ. सुहेर साठीच्या पुढच्या होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि चेहऱ्यावर तीस महाविद्यालयांचा कंटाळा. पहिले तीस फॉर्म त्यांनी पत्ते पिसावेत तसे उलटले. एकतिसाव्यावर थांबल्या. चष्मा लावला. दोन्ही बाजू वाचल्या आणि मग पहिल्यापासून पुन्हा वाचल्या.

"इतक्या वर्षांत मी हजारो अभिप्राय वाचले," त्या डीनना म्हणाल्या. "सगळे उत्तम. खरं बोलणारा हा पहिला माणूस. याच्याशी मला बोलायचंय."

आणि फॉर्मवरचा नंबर बघून त्यांनी स्वतःच फोन लावला.

फिक्री त्या वेळी बाहेर व्हरांड्यात, चहाच्या ट्रेवर किती साखर हवी ते सांगत होते. खिशातला जुना फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी सहज उचलला.

"उस्ताझ गाद अल-करीम?"

तो आवाज फोनमधूनही येत होता आणि दारामागूनही. फिक्रींनी जवळचं पहिलं दार उघडलं, आत शिरले, दार लावलं. चारी बाजूंना झाडू. त्यांना काय बोलावं सुचेना, पण गाद मास्तरांना सुचलं.

"व्हय, गादच बोलतोय. कोन पायजे?"

"मी डॉ. सुहेर, कैरोच्या समितीतून. तुमचा अभिप्राय माझ्या हातात आहे. हे तुम्हीच लिहिलंत?"

"मंग काय माझ्या गाढवानं लिवलं?"

भिंतीपलीकडे हशा पिकला. तिघांचा, पण हशा. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला असणार. फिक्रींच्या वाक्यावर असा हशा आयुष्यात पहिल्यांदा आला होता आणि तिथेच ते कामातून गेले.

"त्या डॉक्टरांचं नावच लिहिलंत. भीती नाही वाटली?"

"त्येला कशापायी भ्यायचं? गाडीची काच खाली करायला भितोय त्यो!"

पुन्हा हशा. या वेळी डीनही हसत होते, ते त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"मास्तर, मला तुम्हाला भेटायचंय. उद्या आम्ही नबकला आलो तर?"

इथे कुणीही शहाणा माणूस ताप आला आहे असं म्हणाला असता. पण दाराशी येऊ का विचारणाऱ्या पाहुण्याला नको म्हणायला सईदमध्ये अजून कुणाची जीभ वळलेली नाही. शिवाय गाद मास्तर तर त्यातही मोकळ्या हाताचे.

"या की! इचारताय काय? तुमचंच घर हाय. आन् जेवल्याबिगर उठलात तर माझ्या बायकोला तलाक! बदक कापतो."

फोन बंद झाला. फिक्री उपड्या बादलीवर बसले. ज्यांच्या चर्चमध्ये तलाक मागूनही मिळत नाही, त्या माणसानं परक्या बाईंना जेवू घालण्यासाठी तलाकची शपथ घातली होती. तरी पहिला विचार मनात आला तो हाच, की काय काम झालं! नबकला कोण असणार आहे, हा दुसरा. पुढे कित्येक दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या क्रमाची.

संध्याकाळी त्यांनी डीनना सगळं सांगितलं. सफवत आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

"म्हणजे तो गाद तू? आणि मी हसलो?"

"छान हसलास."

"मारून टाक त्याला. आजच. सकाळी मी सांगतो, मास्तर अचानक वारले."

"मग समिती सांत्वनाला जाईल. सईदमध्ये माणूस मेल्याचं ऐकून न जाता कोण राहतं? शेजारपाजार, मंडप, कॉफी, तीन दिवस कुराणपठण, सगळं उभं करावं लागेल. जिवंत मास्तर परवडला."

सफवत खुर्चीत कोसळले. "तीनशे मुली, फिक्री. हसतोयस काय? तीनशे मुलींचं बघ."

फिक्री हसत नव्हते. त्यांचा चेहराच तसा आहे, त्यापायी त्यांना दुःखी शिपायाची भूमिकासुद्धा कधी मिळाली नाही.

घरी मुफीदानं सगळं ऐकून घेतलं आणि बदक आणायला उठली. "तलाक मास्तरांच्या बायकोला, आणि चूल माझ्या नशिबी," ती म्हणाली. पण केलं मात्र निगुतीनं, आत भात भरून, आणि उन्हात फुगवलेल्या जाड भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून दिल्या. "शपथ खोटी असली तरी पाहुणे खरे आहेत."

दुसऱ्या दिवशी डीनचा रक्तदाब वाढला होता, त्यामुळे समितीबरोबर फिक्री एकटेच निघाले. फेरीबोटीवर त्यांच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं होतं. डॉ. सुहेरनी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "मास्तरांच्या घरी ओव्हन नाही." तोवर खोटं बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती की तपशीलसुद्धा आपोआप सुचत होते.

नबकची शाळा दोन खोल्यांची. फिक्री गाडीतून उतरले आणि पायाखालची धूळ बुटात शिरली. दारात एक तरुण बाई उभी होती, पदवीला त्यांच्याच हाताखालून गेलेली. नाव हनिय्या. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातावर खडू.

"उस्ताझ गाद अल-करीम कुठे आहेत?" डॉ. सुहेरनी विचारलं.

"कोण?"

डॉ. सुहेरनी फॉर्म तिच्या हातात दिला. हनिय्यानं पाठपोट वाचला. मग मान वर करून फिक्रींकडे बघितलं, त्यांच्या कसनुशा चेहऱ्याकडे आणि हातातल्या पातेल्याकडे. फार वेळ नाही लागला तिला. शिक्षिका होती ती, पोराच्या तोंडावरून गृहपाठ कुणाचा आहे ते ओळखणारी.

"हां, आमचे गाद मास्तर," ती म्हणाली. "ते आज जिल्हा कार्यालयात गेलेत. उशीर होईल त्यांना. मी त्यांची हाताखालची."

एका शब्दालाही अडखळली नाही. ही मुलगी त्यांच्या वर्गात दोन वर्षं पहिल्या बाकावर बसली होती. अडुसष्ट पोरांचं काय करावं ते त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. बाहेरून साहेब आला की त्याची लाज कशी राखायची, एवढं मात्र ती पक्कं शिकून गेली होती. कुणाकडून, हे विचारायचीही सोय नव्हती.

"हनिय्या, पुरे," ते म्हणाले, आणि पातेलं पायरीवर ठेवून डॉ. सुहेरकडे वळले. "डॉक्टर, गाद अल-करीम नावाचा माणूस नाही. तो मी आहे. काल फोनवर मीच होतो, झाडूंच्या खोलीत. हा फॉर्म मी लिहिला. याच्याशिवाय आणखी तेहतीस मी लिहिले. डीनना काल संध्याकाळपर्यंत काही माहीत नव्हतं. मुलींना तर आजही नाही."

आतून पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"डॉक्टर!" हनिय्या कळवळून म्हणाली. "माझ्या बहिणीचा अर्ज आहे या वर्षी तुमच्याकडे. वर्दाचा. आता प्रवेश बंद होतील ना हो!"

"तुला कशाला खोटं बोलायला लावू, बाई."

डॉ. सुहेरनी चष्मा काढला. "चौतीस फॉर्म रद्द," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार थंड होता. मग हनिय्याकडे वळल्या. "नाव खोटं आहे. लिहिलंय ते?"

हनिय्यानं फिक्रींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग.

"खरंय सगळं," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवशी रडले. छडी पण उचलली. इथे दोन वर्षं मुख्याध्यापक नाही, घंटा पण मीच देते." मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "फक्त एक चूक आहे. सही डॉक्टरांनी नव्हती केली. ते मागच्या सीटवर झोपले होते. सही ड्रायव्हरनं केली."

समितीतले दोघे पुरुष आकाशाकडे बघू लागले. फिक्रींना वाटलं, या मुलीला गाद मास्तरांपेक्षा नेमकं लिहिता येईल.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं," डॉ. सुहेर त्यांना म्हणाल्या. "कुठे काय चुकतंय ते तुम्ही दोन पानं भरून लिहू शकलात. खोट्या नावानं. मग तीस वर्षांत केलंत काय?"

फिक्री खाली वाकून बुटातली धूळ झाडू लागले.

बाई आत गेल्या, हनिय्याचा पूर्ण तास मागे उभ्या राहून बघितला, आणि बाहेर आल्यावर पातेल्याजवळ पायरीवर बसल्या. "झाकण काढा," म्हणाल्या. "त्या मास्तरांची बायको मी उगाच घराबाहेर काढणार नाही." बदक सगळ्यांनी खाल्लं, आणि त्या दिवसात मनापासून 'उत्तम' म्हटलं गेलं ते तेवढ्यालाच.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. मानांकन नाही, पण नकारही नाही. एक वर्षाची शेवटची मुदत, तेवढ्यापुरते प्रवेश चालू, आणि अटी. सराव पाठाच्या कागदावर सही शाळेतल्या शिक्षिकेनं करायची, महाविद्यालयातल्या कुणी नाही. मोठ्या वर्गांसाठी वेगळा विषय सुरू करायचा, आणि तो या शाळांतल्या बायांना विचारून ठरवायचा. आणि देखरेख करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकानं आठवड्यातून एक तास सराव शाळेत स्वतः शिकवायचं, विद्यार्थिनींनी मागे बसून त्याला गुण द्यायचे, आणि काय सुधारलं ते दर महिन्याला लिहून ठेवायचं. शिवाय फिक्रींना लेखी ताकीद होती, ती मदाम इब्तिसामनी त्यांच्यासमोर भोकं पाडून लावली. "पुरावा आहे, डॉक्टर. लावावाच लागतो."

वर्दाला प्रवेश मिळाला. बाकीच्यांनाही मिळाला, एका वर्षापुरता.

पहिल्या मंगळवारी वर्ग व्यवस्थापनाचे डॉक्टर नबकच्या अडुसष्ट पोरांसमोर उभे राहिले. त्यांनी ती सुप्रसिद्ध नजर टाकली. एका मुलानं विचारलं, "आजोबांना बरं वाटत नाहीये का?" विसाव्या मिनिटाला दोन पोरं खिडकीतून बाहेर गेली होती आणि एक अनोळखी बकरी आत आली होती. मागे बसलेल्या सहा विद्यार्थिनी माना खाली घालून लिहीत होत्या. नंतर त्यांनी कागद वाचले. 'डॉक्टर अकरा मिनिटं फळ्याशी बोलत होते.' 'डॉक्टरांचा आवाज छान आहे, पण विषय कळला नाही.' 'बकरीशी वागणूक योग्य.' पाचपैकी एक गुण. तो कुणी दिला ते त्यांनी शोधायचा प्रयत्न केला नाही, ती दयाच होती.

परतीच्या बोटीवर ते त्या मुलींना म्हणाले, "बरं झालं तुम्ही खरं लिहिलंत. मला लिहायला दुसरं नाव घ्यावं लागलं होतं."

वर्षभर ते जात राहिले. सुरुवातीला पोरं त्यांना खेळवत, मग हळूहळू त्यांना कळलं की पुस्तकातली नजर काही कामाची नाही, पण हमालाचा आवाज काढून गणित सांगितलं तर मागची रांगसुद्धा वळते. कधी दोन गुण, कधी तीन, ईदनंतरच्या मंगळवारी पुन्हा एक. नवा विषय ठरवायला सात शाळांतल्या बाया महाविद्यालयात आल्या आणि त्यांनी प्राध्यापकांची जी हजेरी घेतली ती सफवत अजून विसरलेले नाहीत. पण विषय झाला, टाचणं तीन पानांवरून एका पानावर आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात समिती येऊन गेल्यावर मानांकन मिळालं. पाच वर्षांसाठी. फाटकावर पाटी लागली, बायकांनी आनंदाचे आवाज काढले, डीननी सरबत वाटलं.

"आता मंगळवारी घरी बस, फिक्री," सफवत म्हणाले. "सुटलो. तुझी निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. पाच वर्षं कुणी विचारायला येत नाही."

"बसतो," फिक्री म्हणाले.

मंगळवारी ते फेरीबोटीवर होते. मुफीदानं विचारलं तेव्हा त्यांनी कर्तव्य वगैरे काही सांगितलं नाही. ते म्हणाले की अडुसष्ट प्रेक्षक, समोरून, दर आठवड्याला. असं प्रेक्षागृह त्यांच्या मंडळीतल्या नायकालाही कधी मिळालं नव्हतं. त्या दिवशीचा तास झाला. पोरं धुरळा उडवत बाहेर पळाली. हनिय्यानं कागदावर सही केली आणि घडी घालण्याआधी जरा विचार केला.

"डॉक्टर, आज खिडकीकडच्या दोन रांगा ऐकत होत्या," ती म्हणाली. "दाराकडच्यांना तुमचं काही पोचलं नाही. पुढच्या मंगळवारी त्यांचं बघा."

"बघतो, बाई," डॉक्टर फिक्री सिदहोम म्हणाले, आणि दाराकडे कोण कोण बसतं ते त्यांनी तिला विचारून लिहून घेतलं.